पूल पडण्याच्या आधीची वर्षे

१५ जून २०२५ हा रविवार होता. पाऊस सुरू झाला होता आणि मावळात पाणी पाहायला आलेल्या माणसांनी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल भरून गेला होता. दुपारी तो पूल नदीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या बातम्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी छापून आल्या. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता आणि त्या जागी नवा पूल बांधायला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे पुलाची अवस्था ज्यांना कळायला हवी त्यांना ती कळलेली होती, ती कागदावर आलेली होती आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला होता. तरीही त्या दिवशी पुलावर जाणारी वाट उघडी होती. अशा दुर्घटनेनंतर आपण ‘प्रशासन झोपले होते का’ असे विचारतो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. पूल खिळखिळा झाला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा ते कुठल्यातरी नोंदवहीत लिहिलेले असते, पण त्या नोंदीने कोणावर काही करण्याचे बंधन येत नाही. नोंद आणि निर्णय यांची अशी फारकत झालेली असते आणि त्या फारकतीच्या काळातच पूल पडतात.

महाराष्ट्रातलीच उदाहरणे पाहू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल महापुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने आतल्या माणसांसकट नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, हे नंतर सांगण्यात आले. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या हिमालय पादचारी पुलाचा भाग खालच्या रस्त्यावर पडला. त्या पुलाचेही संरचनात्मक परीक्षण झालेले होते. किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरण्याजोगा ठरवला गेला होता. दुर्घटना झाली त्या रात्री पूल रेल्वेचा की महापालिकेचा, यावरच आधी चर्चा झाली. हा आजार एकट्या महाराष्ट्राचा नाही. इटलीत जेनोआ शहरातला मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला आणि ४३ माणसे दगावली. ज्यांच्या नावाने तो ओळखला जाई त्या रिकार्दो मोरांदी यांनी स्वतःच १९७९ च्या सुमारास लिहून ठेवले होते की, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पुलाचे काँक्रीट अपेक्षेपेक्षा लवकर खराब होत आहे. १९९० च्या दशकात त्याच्या तीन मनोऱ्यांपैकी एकाचे ताणदोर बाहेरून नवे पोलादी दोर लावून मजबूत करण्यात आले. उरलेल्या दोघांचे तसेच काम करण्याचा प्रकल्प २०१८ मध्ये मंजूर होऊन तयारीत होता. त्या दोघांपैकीच एक मनोरा पडला. रचनाकाराने दिलेल्या इशाऱ्यापासून कोसळण्यापर्यंत चाळीसेक वर्षे गेली होती.

ही चाळीस वर्षे नेमकी कशात जातात हे समजून घ्यायचे, तर पुलाचे आयुष्य कसे सरते ते पाहावे लागेल. आपल्याकडे नेहमीच्या पुलाचे संकल्पित आयुष्य १०० वर्षे धरतात. हा आकडा ऐकला की पूल शंभर वर्षे आपोआप उभा राहील अशी समजूत होते. तसा त्याचा अर्थ नाही. पूल ही वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तूंची जुळणी असते. पाया आणि खांब शतकभर टिकावेत अशा बेताने बांधलेले असतात. गर्डर ज्यांवर टेकतात त्या बेअरिंगना वीस-तीस वर्षांत हात लावावा लागतो. दोन गाळ्यांमधले प्रसरण सांधे त्याहून लवकर जातात, लोखंडी भागांवरचा रंग त्याहूनही लवकर जातो आणि वरचा डांबरी थर तर काही पावसाळ्यांपुरताच असतो. पाणी वाहून नेणारी नळकांडी दरवर्षी साफ करावी लागतात. यांतली प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या वेळी बदलली, तरच शंभरचा आकडा खरा होतो. पुलाच्या जन्मापासून त्याला पाडण्यापर्यंतची ही सगळी कामे, त्यांच्या वेळा आणि त्यांचा खर्च एकाच हिशेबात धरून निर्णय घेणे, याला जीवनचक्र व्यवस्थापन म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्यातले बरेचसे काम अगदी साधे असते. कोकणात मृगाआधी कौले चाळून घेतात, त्याच जातीचे ते काम आहे.

कोणत्याही जुन्या उड्डाणपुलाखाली उभे राहून खांबाच्या माथ्याकडे पाहिले, तर हे प्रत्यक्ष दिसते. वरच्या प्रसरण सांध्यातले रबर फाटलेले असते. पावसाचे पाणी, रस्त्यावरची माती आणि वाहनांचे तेल त्या फटीतून खाली झिरपते आणि थेट बेअरिंगच्या बैठकीवर साचते. शेजारचे पाण्याचे नळकांडे चिखलाने बुजलेले असते, त्यामुळे पाण्याला जायला दुसरी वाट नसते. खांबाच्या माथ्यावर काळपट ओघळ उमटतात. काही वर्षांनी त्या काळ्या डागांत तांबूस रेषा दिसू लागतात. मग कोपऱ्यातला काँक्रीटचा पापुद्रा सुटतो आणि आतली गंजलेली सळई उघडी पडते. एव्हाना तिथल्या मातीत पिंपळाचे रोपटे धरलेले असते आणि त्याची मुळे फट आणखी रुंद करत असतात. सुरुवातीला हे काम रबराची पट्टी बदलण्याचे आणि नळकांडे उपसण्याचे असते. शेवटी पूल जॅकवर उचलून बेअरिंग बदलण्याचे आणि खांबाचा माथा नव्याने बांधण्याचे होते, त्यासाठी वाहतूकही थांबवावी लागते. डच अभियंता डी सिटर यांनी १९८४ मध्ये याचा एक आडाखा मांडला. बांधतानाच एका रुपयात नीट होणारे काम तेव्हा टाळले, तर त्यासाठी पुढच्या पायरीला देखभालीत पाच, त्यानंतर दुरुस्तीत पंचवीस आणि शेवटी नूतनीकरणात सव्वाशे रुपये मोजावे लागतात. हा अनुभवावरून काढलेला ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक पुलाला तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण खर्चाची दिशा आणि वेग त्याने बरोबर पकडला आहे.

आपल्या किनाऱ्यावर हा वेग आणखी वाढतो. काँक्रीट स्वभावतः अल्कधर्मी असते आणि त्या अल्कामुळे आतल्या पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. समुद्राच्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत पोचले की हा पापुद्रा जागोजागी फुटतो. गंज मूळ पोलादापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून तडकते. सळई जाड असेल तर हे काम वर्षानुवर्षे चालते, दिसते आणि इशारा देते. पण पूर्वताणित काँक्रीटमध्ये बारीक तारांचे दोर प्रचंड ताणून नळ्यांत बसवलेले असतात आणि त्या नळ्या सिमेंटच्या पातळ लगद्याने भरतात. भरताना कुठे पोकळी राहिली आणि तिथे खारे पाणी शिरले, तर तारा आतल्या आत तुटत जातात. बाहेरून पूल धडधाकट दिसत असतो. गोव्यात मांडवीवरचा पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या आतल्या पोलादाला गंजाने खाल्ले होते. शंभर वर्षांच्या अपेक्षेतली सोळा वर्षेच त्याच्या वाट्याला आली. त्यानंतर पणजी आणि उत्तर गोवा यांच्यामधली रोजची ये-जा पुन्हा फेरीबोटींवर आली. मुंबईतही ठाणे खाडीवरचा १९७३ चा पहिला पूल असाच गंजाने वेळेआधी थकला आणि १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा उभा करावा लागला.

मांडवीच्या आधी सहा-सात महिने, डिसेंबर १९८५ मध्ये, वेल्समधला एक छोटा पूर्वताणित पूल कसलीही पूर्वसूचना न देता पडला होता. ब्रिटनने पुढे १९९२ मध्ये अशा, लगदा भरलेल्या नळ्यांच्या पद्धतीने नवे पूल बांधण्यावरच बंदी घातली आणि भरण्याच्या पद्धतीत सुधारणा झाल्यावर १९९६ पासून ती टप्प्याने उठवली. बंदी यायलाही सहा-सात वर्षे लागली, हे खरे. पण एका छोट्या पुलाच्या पडण्यातून देशभरच्या बांधकामाचा नियम बदलला. मला या उदाहरणात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, एका ठिकाणची नोंद सगळ्यांवर बंधनकारक झाली.

असे बंधन आपल्याकडे होतच नाही असे नाही. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण सावित्रीवरच, तिथल्या रेल्वेच्या पुलावर आहे. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला क्रमांक असतो, त्याची नोंदवही असते, पावसाळ्यानंतर दरवर्षी त्याची पाहणी होते आणि तिचे निष्कर्ष वरच्या अधिकाऱ्याच्या सहीसाठी जातात. नदीवरच्या महत्त्वाच्या पुलांच्या खांबांवर धोक्याची पातळी रंगवून ठेवलेली असते. पाणी त्या खुणेला पोचले की गाड्या थांबतात. थांबवायच्या की नाही यावर त्या रात्री कोणाला विचार करत बसावे लागत नाही, तो विचार कोरड्या दिवसांत होऊन गेलेला असतो. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे. पावसाळ्यात या रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही अशी चालकांना सूचना असते. हे शहाणपण फुकट आलेले नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडींमुळे मोठे अपघात झाले. त्यानंतर डोंगरकापांचे उतार कमी करणे, दगड अडवणाऱ्या जाळ्या लावणे आणि गस्त वाढवणे ही कामे निर्धाराने झाली. २०१६ च्या त्या रात्री सावित्रीच्या रस्त्याच्या पुलावर अशी खूण असती, पाणी तिथे पोचताच रस्ता अडवण्याचा हुकूम आणि तो बजावणारा माणूस असता, तर वाहने शेजारीच तेव्हा असलेल्या दुसऱ्या पुलावरून वळवता आली असती. खांबावर रंगाची पट्टी ओढायला आणि पावसाळ्याचे चार महिने माणूस उभा करायला पैसा फारसा लागत नाही.

सावित्रीच्या पुलाबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मे महिन्यातली पाहणी खोटी होती असा सरळ निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. नदीवरच्या पुलाचे सर्वांत नाजूक दुखणे पाण्याखाली असते. पुराचे पाणी खांबाला वळसा घालताना भोवरे करते आणि खांबाच्या बुडाशी असलेली वाळू-माती उकरून नेते. पूर ओसरताना तो खड्डा गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला तळ सपाट दिसतो, पण त्या सैल गाळाला पायाला धरून ठेवण्याची ताकद नसते. नदीत खाली कुठे बेसुमार वाळू उपसली जात असेल, तर एकूण तळच खोल जातो आणि पायाची बाजू उघडी पडते. त्यामुळे काठावर उभे राहून केलेली पाहणी प्रामाणिक असूनही फसू शकते. पाण्याखालची तपासणी, तळाच्या खोलीची वर्षानुवर्षांची नोंद आणि पुराच्या पातळीवर बांधलेला निर्णय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच या दुखण्याला उत्तर मिळते. सावित्रीवर नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला, याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. अभियंत्यांची, पैशांची किंवा इच्छेची आपल्याकडे सरसकट वाण नाही, हे त्यातून सिद्ध होते. ही सगळी ताकद पूल पडल्यानंतर जागी होते, ही खरी खंत आहे.

ती आधी का जागी होत नाही, याचे उत्तर बरेचसे हिशेबाच्या पद्धतीत आहे. नवा पूल हा भांडवली खर्च असतो. त्याला कर्ज मिळते, केंद्राची योजना मिळते, भूमिपूजन आणि लोकार्पण असे दोन समारंभ मिळतात. जुन्या पुलाची नळकांडी साफ करणे हा महसुली खर्च असतो. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज भागवून जे उरते त्यातून तो करायचा असतो आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते, कारण यंदा न केल्याने यंदा काहीच बिघडत नाही. अर्थशास्त्राचा एक रूढ हिशेबही या वृत्तीला बळ देतो. भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणताना तो व्याजाच्या दराने घटवतात. दर १२ टक्के धरला, तर ३० वर्षांनी करावा लागणारा १०० रुपयांचा खर्च आज जेमतेम सव्वातीन रुपयांचा दिसतो. मग टिकाऊ पण महाग पर्याय कागदावर हरतो आणि स्वस्त पर्याय जिंकतो. मेक्सिकोत युकातानच्या किनाऱ्यावर प्रोग्रेसो इथे १९४० च्या सुमारास बांधलेला एक लांब धक्का आहे. त्यात साध्या सळयांऐवजी स्टेनलेस स्टील वापरले होते, त्या काळी ते नक्कीच महाग पडले असणार. त्याच्या शेजारी काही दशकांनी साध्या सळयांचा दुसरा धक्का बांधला गेला. तो समुद्राने केव्हाच खाऊन टाकला. जुना अजून उभा आहे. अशा घटवलेल्या किमतीने हिशेब करणाऱ्याला तो जुना धक्का आजही चुकीचा निर्णय म्हणून दाखवता येईल, आणि हीच त्या हिशेबाची मर्यादा आहे.

शिवाय हा हिशेब फक्त खात्याच्या तिजोरीपुरता असतो. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेच्या रुळांवर पडला. १९७५ च्या सुमाराचा तो पूल पुढे तपासण्यांत धोकादायक ठरून ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीला बंद झाला. त्याची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस उघडली. पूर्ण पूल खुला व्हायला २०२५ उजाडले. या काळात अंधेरी पूर्व-पश्चिम करणाऱ्या प्रत्येक रिक्षाने, शाळेच्या गाडीने आणि रुग्णवाहिकेने जो वळसा घेतला, जो वेळ आणि जे इंधन घालवले, त्याची नोंद ना महापालिकेच्या पुस्तकात आहे ना रेल्वेच्या. नवा पूल रेल्वेच्या नियमाप्रमाणे अधिक उंचीवर आला आणि त्याला जोडणारा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला. मग तो जॅकने उचलून जुळवून घ्यावा लागला. पूल हा एकटा नसतो, तो जाळ्यातला एक दुवा असतो. दुव्याचे आयुष्य संपत येणार हे दहा वर्षे आधी धरून चालले असते, तर शेजारच्या दुव्यांची तयारीही त्याच वेळी झाली असती.

इथे व्यवहारी माणसाचा आक्षेप येतो. ज्या राज्यात अजून कित्येक वाड्या-वस्त्यांना पावसाळ्यात ओढा ओलांडायला धड साकव नाही, तिथे आहेत त्या पुलांच्या निगराणीवर पैसे खर्चायचे की नवे बांधायचे? आक्षेप खरा आहे आणि त्यामागची गरजही खरी आहे. पण जीवनचक्राचा हिशेब सगळ्यावर खर्च करा असे सांगत नाही. कुठे करू नका, हेही तो सांगतो. काही पुलांना नुसते स्वच्छ ठेवणे पुरते. काहींवरचे वजन कमी केले की त्यांना आणखी दहा-पंधरा वर्षे मिळतात. गोव्यात झुआरीच्या १९८३ च्या पुलाची अवस्था लक्षात आल्यावर त्यावरून जड वाहनांना बंदी घालण्यात आली. मालवाहतूकदारांना लांबचा वळसा पडला, कुरबुरी झाल्या, तरी बंदी टिकली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाचा पहिला भाग खुला होईपर्यंत जुन्याने किनाऱ्यावरची हलकी वाहतूक सांभाळली. मांडवीच्या धड्यानंतर गोव्याने घेतलेला हा निर्णय मला उत्तम देखभालीचा नमुना वाटतो, त्यात सिमेंटचे एक पोतेही लागले नाही. आणि काही पूल असे असतात की त्यांचा निरोप घेणेच शहाणपणाचे असते. कुंडमळ्याचा पूल त्यांतलाच होता. तिथे फलकाऐवजी दोन्ही टोकांना कायमचा अडसर घातला असता, तर नव्या पुलाचे काम सुरू व्हायला लागला तेवढा वेळ लागला असता तरी चालले असते. गावकऱ्यांची गैरसोय झाली असती, हे मान्य. ती गैरसोय दिसते म्हणूनच असे निर्णय टाळले जातात आणि म्हणूनच ते स्थानिक दडपणावर न सोडता नियमाने बांधून ठेवायला हवेत.

दुसरा आक्षेप अधिक संतापाने येतो. खरा रोग निकृष्ट बांधकामाचा आणि टक्केवारीचा आहे, आयुष्याच्या गप्पा कसल्या करता, असे लोक म्हणतात. त्याच दमात ब्रिटिशांच्या पुलांचा दाखला दिला जातो. निकृष्ट काम होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दगडी कमानीच्या पुलात गंजायला पोलादच नसते, त्यातला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबाने बसलेला असतो आणि तो बांधला तेव्हा त्यावरून बैलगाड्या जात होत्या. शिवाय जे टिकले तेच आपल्याला दिसतात, वाहून गेलेल्यांची आठवण कोणाला नसते. सावित्रीचा पूलही ब्रिटिश काळातलाच होता. राहता राहिला भ्रष्टाचार. तो पकडण्याचे सर्वांत चांगले साधन पुलाचे जन्मापासूनचे दप्तर हेच आहे. कंत्राटदाराच्या दोषदायित्वाची मुदत काही वर्षांत संपते, त्यानंतर कोणत्या कामाला किती वर्षांत तडे गेले हे शोधायला कागदच उरत नाहीत. कोणत्या पुलाचे सांधे कोणी बसवले, ते किती पावसाळे टिकले, कोणत्या परीक्षकाने त्यांना कोणती श्रेणी दिली, हे सगळे एका क्रमांकाखाली वाचता येऊ लागले तर चोरी लपवणे अवघड होते. हिमालय पुलाच्या परीक्षणाची जबाबदारी निश्चित करता आली ती त्या परीक्षणाचा कागद सापडला म्हणूनच.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. राष्ट्रीय महामार्गांवरच्या लहानमोठ्या पूल-मोऱ्या मिळून दीड लाखाहून अधिक बांधकामांना तिने क्रमांक दिले आणि त्यांची प्राथमिक प्रकृती नोंदवली. याहून मोठे पाऊल भारतात पुलांच्या बाबतीत क्वचितच उचलले गेले असेल. पण अशी यादी तयार झाली की काम झाले असे वाटू लागते, तो धोका इथेही आहे. नव्या पुलांत बसवलेल्या संवेदकांबद्दलही तेच. संवेदक कंप मोजतो, ताण मोजतो, पण रस्ता बंद करा असे सांगणाऱ्याची सही त्याच्याजवळ नसते. जपानचा अनुभव इथे कामाचा आहे. २ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सासागो बोगद्याचे काँक्रीटचे छतफलक खाली वाहनांवर कोसळले आणि नऊ जण मेले. बोगदा १९७७ चा होता. फलक ज्या बोल्टांवर टांगले होते त्यांची, जवळ जाऊन हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची तपासणी कित्येक वर्षे झालेली नव्हती, खालूनच पाहून समाधान मानले जात होते. २०१४ पासून जपानने प्रत्येक पूल आणि बोगदा दर पाच वर्षांनी हाताला लागेल इतक्या जवळून तपासणे सक्तीचे केले आणि प्रत्येकाला चारपैकी एक श्रेणी द्यायला लावली. तिसरी श्रेणी मिळाली तर लवकर, पुढच्या तपासणीच्या आत दुरुस्ती करणे अपेक्षित असते. चौथी मिळाली तर तातडीने हालचाल करायची. श्रेणीबरोबर मुदतही येते, हे तिचे बळ आहे. अडचणी तिथेही आहेत. लहान नगरपालिकांकडे पुलाचा एकही जाणकार अभियंता नसतो आणि लोकसंख्या घटत असल्याने पैसाही नसतो. म्हणून काही गावे दुरुस्तीऐवजी पूल कायमचा काढून टाकून शेजारच्या पुलावरून जाण्याचा निर्णय घेत आहेत. तो निर्णयही मुदतीनेच घ्यायला लावला, असे म्हणता येईल.

पुलाच्या आयुष्यावर परिणाम करणारे कित्येक निर्णय पूल सांभाळणाऱ्यांच्या हातात नसतात, याचाही विचार या व्यवस्थेत हवा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू वाहनांच्या आसावर चालणाऱ्या वजनाची मर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. वाढ पाहिली तर तेरा टक्क्यांच्या आत आहे. पण अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून केलेल्या प्रयोगातून असे दिसले होते की, रस्त्याची झीज वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. तो हिशेब धरला तर पूर्ण मर्यादेपर्यंत भरलेल्या अशा एका आसाने होणारी झीज साठ टक्क्यांच्या आसपास वाढते. मालवाहतूक स्वस्त होणे देशाच्या फायद्याचे आहे आणि मर्यादेपलीकडे माल भरण्याची सवय आधीपासून होतीच, ही निर्णयाची बाजू समजण्यासारखी आहे. तरी त्याच दिवशी रस्त्यांच्या नूतनीकरणाची चक्रे किती अलीकडे येतील आणि त्यासाठीचा जादा पैसा कोणत्या शीर्षाखाली येईल, हेही त्याच कागदावर लिहिले जायला हवे होते.

मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस उड्डाणपुलांची मोठी मालिका उभी राहिली. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. जपानमध्ये आर्थिक भरभराटीच्या एकाच काळात बांधलेले हजारो पूल आता एकदम पन्नाशीला येत आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचा भार एकाच पिढीवर पडतो आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला तसा काळ यायचा आहे, पण त्याच्या तारखा आजच काढता येतात. पहिल्या मालिकेतल्या उड्डाणपुलांच्या बेअरिंगांनी पंचविशी ओलांडली आहे. सागरी सेतूच्या ताणदोरांची आणि खाऱ्या हवेतल्या काँक्रीटची सविस्तर तपासणी केव्हा आणि किती वेळा लागेल, हे त्याच्या रचनाकारांनी बांधतानाच ठरवलेले असते. या तारखा राज्याच्या आणि महापालिकांच्या अर्थसंकल्पात पुढच्या तीस वर्षांच्या कोष्टकात मांडता येतील. प्रत्येक तारखेसमोर पुलाचा क्रमांक, अंदाजे रक्कम, पूल बंद ठेवावा लागणारे दिवस आणि तो बंद करण्याचा अधिकार असलेल्या पदाचे नाव लिहिता येईल. नव्या पुलाची निविदा मंजूर करताना त्याची ओळ या कोष्टकात आधी भरली गेली पाहिजे, एवढी एक अट घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही.